आईचं फूल आणि वनखात्याची गाडी

आमच्या घरामागे जो वाघ आला होता, तो मी लावला होता. लावला म्हणजे अगदी खड्डा खणून, शेणखत घालून आणि रोज पाणी देऊन!

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात आमचं घर आहे. मागच्या बाजूला, भिंत आणि शेजारचा आंबा यांच्यामध्ये, खाटेएवढी जागा. तिथे ऊन कधी पोचत नाही, आणि माती म्हणाल तर घर बांधताना उरलेला मुरूम. आईनं तिथे गुलाब लावला, तो गेला. मोगरा लावला, तोही गेला. उकिरड्यावरसुद्धा हसत उभा राहणारा झेंडू, त्यानंही मान टाकली! शेवटच्या आजारात तिची खाट मागच्या खिडकीशी होती. त्या मुरमाकडे बघत ती म्हणायची, "इथी एक तरी फूल याले पायजे होतं, बापा."

आई गेली, आणि मी ठरवलं की पहिल्या स्मृतिदिनाला तिच्या फोटोपुढे त्याच जागेतलं फूल ठेवायचं. (दुःखात माणूस काहीही ठरवतो.) मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. बागकामाची होती नव्हती ती पुस्तकं घरी आणली आणि चामोर्शीच्या ताईला रोज फोन सुरू केला.

"ताई, फर्न लावू का?"

"त्याले फूल येते?"

"नाही."

"मंग?"

"मनीप्लांट?"

"त्याले येते?"

"नाही."

"तू फुलासाठी झाड लावून राह्यला, का फूल येऊ नये म्हणून?"

शेवटी एका जुन्या पुस्तकात ओळ सापडली: सुरण, सावली चालते, हलकी जमीन चालते, फूल भव्य आणि जांभळे. मी आनंदानं ओरडलोच! ग्रंथालयात! जिथे मी दुसऱ्यांना गप्प बसवतो, तिथे! सुरण आमच्याकडे सगळ्यांनी खाल्लेला. फुललेला मात्र कोणी पाहिलेला नाही, कारण फुलायच्या आधीच तो कढईत जातो. मला वाटलं, जगाला न सुचलेलं मला सुचलं.

त्या हिवाळ्यात ताईला घेऊन मी चामोर्शीचा बाजार गाठला आणि सुरणाचा सगळ्यात मोठा कंद उचलला. तो दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

"भाजीले का?" विकणाऱ्या बाईनं विचारलं.

"नाही, फुलाला."

बाई ताईकडे वळली. "यायले बरं नाई का?"

"आई गेली तेव्हापासून असाच हाय," ताई म्हणाली. "तोलून द्या."

उन्हाळ्याच्या शेवटी मुरूम फोडून कोंब वर आला आणि कोंबाची कळी झाली. जांभळी, गुबगुबीत, रोज फुगणारी! मी सकाळी तिला बघायचो, कॉलेजातून आलो की बघायचो, जेवताना मध्येच उठून बघायचो. स्मृतिदिनाच्या आदल्या संध्याकाळी ती उमलायच्या बेतात होती. ताईही आली होती. मी सुखानं झोपलो.

सकाळी उठलो तो वासानं. असा वास, की उशीत तोंड खुपसलं तर उशीलाही तोच!

"उंदीर मेला," ताई म्हणाली. आम्ही कपाटं सरकवली, धानाची कोठी हलवली. उंदीर नाही. तेवढ्यात शेजारचे रहीमचाचा टेलर नाकाला कापडाचा तुकडा लावून आले.

"सर, तुमच्या मागं वाघानं शिकार आणून टाकली."

"वाघानं?"

"मंग इतका वास कायचा? अन् माही बकरी कालपासून गायब हाय! खतम!"

आमच्या भागात एवढं पुरे असतं. चहा उकळायच्या आत गल्ली गच्चीवर चढली आणि वनखात्याची गाडी दारात आली. गार्डनं उतरल्याबरोबर हुकूम सोडला, "मागचं दार कोनी उघडाचं नाई!"

स्मृतिदिनाच्या बुद्धवंदनेची वेळ होत आली होती, आणि फूल दाराच्या पलीकडे.

"साहेब, मला फक्त एक फूल आणायचंय."

"सर, मागं वाघ हाय अन् तुमाले फूल पायजे?"

"आईसाठी हवंय."

गार्ड थोडा विरघळला. "चाला मंग. पन डबे वाजवत."

मग आमची वरात निघाली. गार्ड काठी घेऊन, चाचा तेलाचा पिपा बडवत, ताई ताट वाजवत, आणि सगळ्यांच्या पुढे मी. (जागा तुमची, म्हणून.) मागे पोचलो. वाघ नव्हता. माश्यांचा ढग होता, आणि ढगाखाली, परातीएवढं, सुरकुतलेलं, जांभळं, भव्य फूल!

गार्ड वाकला आणि तसाच उलटा फिरला.

"शिकार हेच हाय," तो कसाबसा म्हणाला.

मातीच्या ढिगामागून चाचांची बकरी निघाली. तिनं फुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ती घरी निघून गेली.

"ताई, आता काय करू? हे आईसमोर कसं ठेवू?"

ताई भिंतीला टेकून हसत होती. वर्षभरात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. "आईनं फूल मागतलं होतं. वास कसा पायजे थे कुठी सांगतलं होतं? ठेव!"

फूल कापून घमेल्यात घातलं आणि अंगणातल्या मांडवात, फोटोपुढे ठेवलं. चंद्रपूरहून आलेले बौद्धाचार्य घमेल्याला अगदी खेटून शांत बसले. सर्दीनं त्यांचं नाक पूर्ण बंद होतं. त्रिशरण झालं, पंचशील झालं, पुण्यानुमोदन झालं. आख्खी गल्ली हजर होती. पुरुषांचे रुमाल तोंडावर, बायांचे पदर तोंडावर, आणि सगळ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

शेवटी बौद्धाचार्यांनी माझा हात हातात घेतला.

"सर, लय ठिकानी गेलो. पन एका मायसाठी सारी गल्ली इतकी रडताना पाह्यली नाई. अन् तुमी तं एकदाही रुमाल खाली केला नाई."

खरं काय ते सांगायला हवं होतं. पण त्यासाठी रुमाल काढावा लागला असता, म्हणून मी नुसती मान हलवली.