बिनधुराची भट्टी

मी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला होता. लग्न ठरताना तो कुणाला खटकला नाही, कारण त्याचा काही उपयोग होईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. पुढं सासऱ्यांनी ढाब्यासाठी पेलेटची ग्रील आणली आणि माझा भाव एकदम वधारला.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. ढाबा केजच्या रस्त्यावर, युसूफ वडगावच्या अलीकडं, आणि घर ढाब्याच्या पाठीमागं. पेलेट म्हणजे कापसाच्या पऱ्हाटीचा भुसा दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या. त्या टाकीत ओतायच्या. मोटर स्क्रू फिरवून त्या खाली ढकलते, विजेचा रॉड लाल होऊन त्यांना पेटवतो, पंखा वारा देतो. धूर नाही, की फुंकणं नाही. मामांनी एका बंद पडलेल्या हॉटेलातनं ही बिनधुराची भट्टी उचलली, नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं, कोंबड्या चढवल्या. कोंबड्या अर्ध्या कच्च्या असतानाच ती बसली.

नेमकी त्याच सुमाराला केजच्या वीज उपकेंद्रात शिकाऊ उमेदवार म्हणून माझी निवड झाली. महिनाअखेरीपर्यंत हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला. नवरा कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतो, सीझनभर तिकडंच असतो. फोनवर म्हणाला, दादा म्हणतील तसं. दादा म्हणजे मामाच. मामा सरळ नाही कधीच म्हणत नाहीत. चारचौघांत उठबस असलेला माणूस, गोड बोलून कोंडायची त्यांची हातोटी आहे.

"जा की," ते म्हणाले. "मशीन तेवढं रांगंला लाव आन् जा."

सून गिऱ्हाइकांपुढं नको, म्हणून दुपारी ढाबा रिकामा झाला की मी डोक्यावर पदर घेऊन भटारखान्यात जायची. सोबतीला सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. त्या बॅटरी धरून उभ्या राहायच्या आणि अधूनमधून एखादा प्रश्न टाकायच्या. हे काय? ते कावून काढलंस? उत्तर लांबलं की म्हणायच्या, थोडक्यात सांग.

रॉड मीटरवर तपासला, चांगला होता, तरी बदलला. स्क्रूत सादळलेला भुसा दगडासारखा बसला होता, तो खरवडून काढला. सेन्सरचा स्क्रू आवळला. दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन शहाण्यासारखं चालायचं आणि मी पिशवी भरायला घ्यायची. दुपार झाली की मशीनच्या पडद्यावरचे आकडे फडफडायचे आणि सगळं गप्प. पिशवी पुन्हा उपसायची. मामा बाहेरनं विचारायचे, झालं का गं? त्या विचारण्यात एवढी माया असायची की मला पकड फेकून मारावीशी वाटायची.

आचाऱ्यानं आपली युक्ती काढली. कापराच्या वड्या टाकून तो हातानं जाळ करायचा. एकदा जाळ धरला की मोटर आणि पंखा रडतखडत चालायचे. म्हणजे रॉडचा भार आला की दम सुटतो, एवढं मला कळलं. दुपारीच का सुटतो ते कळेना. आचारी आणखी एक म्हणायचा, "वैनी, हे मशीन चावतंय." तो रबरी चप्पल घातल्याशिवाय ग्रीलला हात लावत नसे. मला वाटलं, आत कुठंतरी वायर सोलली असेल. सगळ्या वायरी धुंडाळल्या, एकही सोललेली निघाली नाही. महिना संपत आला होता आणि मी रोज त्याच डब्यात डोकं घालून बसत होते. डब्यात मशीन कमी आणि मीच जास्त अडकलेय, असं वाटायचं.

मग आत्यांना ताप आला. त्या दिवशी मशीन सकाळीच बसलं. मी चहा घेऊन आत गेले तर त्या गोधडीतनं म्हणाल्या, "खड्ड्याला पाणी घातलं का कुणी?"

कसला खड्डा, मी विचारलं.

"आगं, अर्थिंगचा. मी रोज सकाळी घालते. न्हाई घातलं तर मशीन चालत न्हाई, तुझ्या मामांनीच सांगितलंय."

मी चहा तसाच ठेवून धावले. खड्डा भटारखान्याच्या मागं, कोरडा ठणठणीत. रॉड लावून मीटर धरला तर व्होल्टेजचा आकडा पार खाली. घागरभर पाणी ओतलं, आकडा वर चढला. भिंतीवरची पेटी उघडली आणि डोक्याला हात लावला. विजेच्या मीटरपासून भटारखान्यापर्यंतच्या केबलमधली न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी, तार उंदरांनी खाल्ली होती. नवी ओढण्याऐवजी न्यूट्रल सरळ अर्थिंगच्या तारेवर टाकलं होतं. भार आला की परतीचा करंट मातीत जायचा, माती सुकली की अडायचा, आणि त्याच तारेला ग्रीलचा सांगाडा जोडलेला असल्यानं सांगाड्यात उतरायचा. म्हणून दुपार, आणि म्हणून चावणं. एक माणूस मरायचा बाकी होता.

मामांना विचारलं तर ते शांत. "त्यात काय? समद्यांच्या शेतातल्या मोटारी तशाच चालत्यात. हा काय फॉल्ट न्हाई." मी आठवडेच्या आठवडे फॉल्ट शोधत होते आणि तो त्यांना पहिल्यापासून ठाऊक होता. फक्त तो फॉल्ट आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला रडूच आलं, रागानं.

नवी केबल मीच ओढली. आत्यांनी अंगात कणकण असताना दुसरं टोक धरलं. न्यूट्रल वेगळं, अर्थिंग वेगळं. दुपार झाली, रॉड लाल झाला, मशीन चालत राहिलं. दुसऱ्या दिवशीही. मी पिशवी भरून मामांपुढं उभी राहिले.

ते खूश होते. "आता तर सोनं झालं. पर पोरी, तुझ्याबिगर आता हे बघणार कोण?"

बिघडलं होतं तेव्हा बिघडलं म्हणून जाता येत नव्हतं. आता दुरुस्त झालं होतं, ते मी केलं म्हणून जाता येत नव्हतं. तांदूळ निवडणाऱ्या आत्या मान वर न करता म्हणाल्या, "मी बघते."

मामा हसले. आत्यांनी सूप बाजूला ठेवलं, भटारखान्यात जाऊन मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, फ्यूज काढून दाखवला, परत बसवला आणि मशीन पेटवलं. मग मला म्हणाल्या, "तू जा. मी तसंबी कुटं जाणार हाय?"

मी गेले. आनंद झाला, तो लपवत नाही. केजला खोली घेतली. उपकेंद्रात मला नावानं हाक मारतात, ताई म्हणत नाहीत, याचंही अप्रूप वाटायचं. आत्यांचा फोन यायचा. रॉड लाल होत न्हाई, पैलं काय बघू? मी सांगायची, त्या करायच्या.

नागपंचमीच्या आधी त्यांचा फोन आला तो मशीनसाठी नव्हता. माहेरी, तलवाड्याला, जायचं होतं. भाऊ न्यायला येणार होता. मामा म्हणाले होते, मशीन कोण बघंल? सांगताना आत्या हसत होत्या. मला हसता आलं नाही.

मी एका दिवसाची रजा टाकून आले आणि डोक्यावर पदर घेऊन मशीनपाशी बसले. आत्या जीपमधनं गेल्या. मामा ज्याला त्याला सांगत होते, सून आलीय, तिच्याबिगर आमचं पान हालत न्हाई.

संध्याकाळी आत्यांचा फोन आला. मागं बायकांचा गलका, झोक्याच्या कड्यांचा आवाज. थोडा वेळ त्या इकडचं तिकडचं बोलल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आजून दोन दिस ऱ्हाऊ का गं?"

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. सकाळी मला कामावर हजर व्हायचं होतं.

राहा, मी म्हणाले.