अकरा कोरडी ताटं

भात रांधणाऱ्या बाईला शाळेची टक्केवारी कळते का हो? खरं सांगा, मनात पहिलं काय आलं? 'तिला काय डोंबल कळतंय' हेच ना? मग बसा जरा. मालनबाईचं ऐका आणि मगच तोंड उघडा.

ताडकळसहून आठ किलोमीटर आत गेलं की जे गाव लागतं, तिथल्या आठवीपर्यंतच्या शाळेत मालनबाई बारा वर्षं खिचडी शिजवते. ती कामाला लागली तेव्हा गावातल्या दोन घरांनी आपली लेकरं डबा देऊन पाठवायला सुरुवात केली होती. का, ते तुम्हाला सांगायला नको. बौद्धवाड्यातली बाई, एवढं कारण पुरे झालं. मालनबाई भांडली नाही. तिनं फोडणीत लसूण वाढवला. पंधरा दिवसांत डबे भरलेलेच घरी जायला लागले आणि महिन्यात यायचे बंद झाले. आता त्याच घरच्या बाया विचारतात, "लेकरू म्हणतंय शाळंसारखी खिचडी कर. मालनबाई, तुमी टाकता तरी काय?" मालनबाई सांगत नाही. तिनं का सांगावं?

ती स्वतः चौथी शिकलेली. माहेरी शाळाच चौथीपर्यंत होती. पाचवीला ओढा ओलांडून जावं लागायचं, आणि पोरीला ओढ्यापलीकडं कोण धाडतं? म्हणून तिची धाकटी लेक अर्पिता चालत दोन मिनिटांवरच्या शाळेत सातवीला बसली, याचं मालनबाईला जे कौतुक होतं, ते दुसऱ्या कुणाला आमदारकीचंही नसेल.

या शाळेत ताटं लेकरांची स्वतःची. भांड्यावर नाव घालायची आपली रीत, तशी ताडकळसच्या बाजारात आईबापांनी प्रत्येक ताटावर लेकराचं नाव घालून आणलेलं. सकाळी ताटं ओट्यावर मांडायची, जेवण झालं की घासून पोत्यात ठेवायची, हा मालनबाईचा बारा वर्षांचा शिरस्ता. हजेरी गुरुजींच्या वहीत असते म्हणतात. असेल. पण कोण आलं, कोण नाही, हे विचारायचं तर मालनबाईला विचारावं.

यंदा संक्रांतीच्या आधी चाचणी झाली. महिन्यानं निकाल आला आणि शाळा समितीची बैठक भरली. पालक म्हणून मालनबाई समितीवर होती. मुख्याध्यापक नागेश सर उभे राहिले. माणूस सोन्यासारखा. शिकवायला लागला की घंटा झालेली कळत नाही. पण वरच्या साहेबाचा फोन आला की त्याच्या कपाळाला घाम फुटतो. सर खाली मान घालून वाचायला लागले, "सहावी ते आठवी. चाचणी दिलेले विद्यार्थी एक्केचाळीस. सरासरी पंचेचाळीस टक्के. श्रेणी, क."

मग सरांनी दुसरा कागद काढला. निकाल असाच राहिला तर वरचे तीन वर्ग ताडकळसच्या शाळेला जोडायचे, असं बोलणं तालुक्याला निघालं होतं.

बैठकीत कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाला, "लेकरं अभ्यासच करंनात, त्याला सर तरी काय करतील?" दुसरा म्हणाला, "पोरांचं काय, सायकलीवर जातील. पोरींचं तेवढं बघावं लागंल." बघावं लागंल म्हणजे काय, हे मालनबाईला चौथीतच समजलं होतं. पण डोक्यात दुसरंच काहीतरी खटकत होतं.

"सर, थांबा जरासं. चाचणी कितीजणांनी दिली म्हणालाव?"

"एक्केचाळीस, मावशी."

"त्या दिशी बुधवार होता. मटकीची उसळ होती. वरच्या तीन वर्गांची मी तीस ताटं घासली. अकरा ताटं पोत्यात कोरडी होती. मग ती अकरा लेकरं पेपर देऊन उपाशी गेली व्हय?"

कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत.

बैठक मोडल्यावर सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आणि मग सगळं बाहेर आलं. ती अकरा लेकरं मेंढरं राखणाऱ्या घरांची. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप मेंढरं घेऊन जिंतुराकडं जातात आणि लेकरंही मागं जातात. तालुक्याच्या मागच्या बैठकीत साहेबानं शंभर माणसांत सरांना झापलं होतं, 'एवढी गैरहजेरी? ही मुलं शाळाबाह्य म्हणून दाखवू का?' म्हणून या खेपेला संगणकावर गुण भरताना सरांनी त्या अकरा नावांपुढं 'गैरहजर' लिहिलंच नाही. शून्य लिहिलं. शाळेतलं नाव तरी राहील, लेकरू कच्चं आहे एवढंच दिसेल, असा त्यांचा हिशेब.

मालनबाईनं हातातला डाव ओट्यावर आपटला. "कमाल केलीव सर तुमी! लेकरं वाचवायला गेलाव आन् शाळाच पाण्यात घातलीव!"

"चुकलं, मावशी."

"चुकलं तर चला. उद्या तालुक्याला, पूर्णेला जायचं. साहेबाला सांगायचं."

"तुम्ही येता?"

"मी न्हाई आले तर तुमी फाटकापासूनच माघारी येताल. माहीत न्हाई का मला?"

दुसऱ्या दिवशी दोघं पूर्णेच्या कार्यालयात गेले. साहेब दौऱ्यावर होते, विस्तार अधिकारी मंजुषा मॅडम फायलीत बुडालेल्या. सरांनी बोलायला सुरुवात केली, तर शब्दच फुटेना. मॅडमनी मालनबाईकडं पाहिलं, "या कोण? पालक का?"

"पालक बी हाय आन् स्वयंपाकीण बी हाय. मॅडम, एक विचारू? तीस लेकरांचा भात शिजवला आन् एक्केचाळीस ताटांत वाढला, तर काय होईल?"

"प्रत्येकाला कमी येईल."

"मग भात कच्चा हाय असं म्हणायचं, का स्वयंपाकीण खराब हाय म्हणायचं?"

मॅडमनी चष्मा काढला. मालनबाई थांबली नाही. "आमच्या तीस लेकरांनी बासष्ट टक्के मिळवलेत. माझ्या पोरीनं काल पाटीवर करून दाखवलं. तुमी ते एक्केचाळिसांत वाटलंव, म्हणून पंचेचाळीस झालं. भात चांगला हाय मॅडम. ताटं जास्त मांडली, एवढंच."

मॅडम खळखळून हसल्या. शेजारच्या टेबलावरचा कारकूनसुद्धा मान वर करून बघायला लागला. "नागेश सर, सरासरी समजावायला पुढच्या प्रशिक्षणाला यांनाच पाठवा," मॅडम म्हणाल्या. मग गंभीर झाल्या. "पण नुसतं शून्य खोडून गैरहजर लिहिलं तर चालणार नाही. अकरा मुलं चाचणीला नव्हती, हाही डागच. सर, झालेली चूक लेखी द्या. पुढच्या बुधवारी मी येते. त्या अकरांनी माझ्यासमोर पेपर द्यायचा. येतील ते गुण धरू."

येताना एसटीत सर पुटपुटले, "मावशी, तीन महिने लेकरं मेंढरांमागं आहेत. आता खरंच शून्य आलं तर?"

हे मालनबाईच्याही मनात आलं होतं. तोंडानं मागून घेतलेली परीक्षा होती. आता माघार कुठली?

तिनं घरी येऊन मल्हारला फोन लावला. मल्हार त्या मेंढरं राखणाऱ्या घरांचा म्होरक्या. मेंढरं चारठाण्याच्या शिवारात बसवलेली.

"मल्हारभाऊ, लेकरं पाठवून दे. बुधवारी पेपर हाय."

"आक्का, लेकरं आली तर मेंढरं कोण वळवील?"

"तू हायीस की! आन् तुझं कुत्रं काय नुसतं बसून खायलंय का?"

"कुत्रं माझ्यापरीस जास्त राबतंय, आक्का."

"मग त्यालाच ठेव म्होरक्या. आन् तू बी ये लेकरांसंगं."

पण त्याआधी नागेश सरांनी एक गोष्ट केली, ती सांगायलाच हवी. शनिवारची शाळा सुटल्यावर त्यांनी मोटारसायकल काढली आणि थेट चारठाण्याच्या शिवारात गेले. दोन दिवस मेंढरांच्या वाड्यात बसून लेकरांना शिकवलं. सोमवारी आले ते अंगाला मेंढराचा वास घेऊन. मालनबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "सर, आता खरे गुरुजी दिसायलाव."

मंगळवारी टेम्पो आला. अकरा लेकरं उतरली, उन्हानं काळी पडलेली आणि दोन-दोन बोटं उंच झालेली. मल्हार मागून उतरला, फेटा सावरत. बुधवारी मालनबाईनं पोतं सोडलं आणि ती अकरा ताटं दोनदा घासली.

मंजुषा मॅडम आल्या. आधी गणित झालं. मेंढरं रोज मोजणारी लेकरं ती, बेरजा-वजाबाक्या चुटकीसरशी संपवल्या, मात्र भूमितीत सगळीच ठेचकाळली. कंस म्हणजे काय ते दोघांनाच आठवलं. दाराआडून बघणारी मालनबाई बोटांवर गुण मोजायला लागली.

मग मराठीचा पेपर. शेवटचा प्रश्न होता, तुम्ही केलेल्या प्रवासाचं वर्णन करा. वर्गात फक्त पेना चालू. अर्धा तास झाला आणि मल्हारची सहावीतली लेक उठून उभी राहिली.

"मॅडम, कागद संपला."

"अगं, दोन पानं झाली की! पुष्कळ झालं."

"कसं पुष्कळ? आमी आत्ता बोरीलाच पोचलाव. चारठाणा लय लांब हाय."

मॅडमनी स्वतःच्या वहीतले कागद फाडून दिले. मग दुसरा उठला, तिसरा उठला. बाहेर मालनबाईनं तोंडात पदर कोंबला, पण हसू काही थांबेना.

तपासणी तिथंच झाली. अकरांची सरासरी अठ्ठेचाळीस आली. अर्पितानं फळ्यावर सगळ्यांदेखत गणित मांडलं: सगळे मिळून एक्केचाळीस, सरासरी अठ्ठावन्न. श्रेणी, ब. मॅडमनी कागदावर लिहिलं, वरचे वर्ग जोडण्याचं कारण उरत नाही, आणि खाली सही केली.

पोरींनी असा गलका केला की पिंपळावरची पाखरं उडाली. अर्पिता आईच्या गळ्यात पडली. मालनबाई मात्र कंबरेवर हात ठेवून मॅडमकडं बघत होती.

"ब कामून? अ कामून न्हाई?"

"त्याला पंचाहत्तर लागतात, मालनबाई."

"लागू द्या. सर, ऐकलंव का? पंचाहत्तर! दिवाळीनंतर तुमची गाडी दर शनिवारी मेंढरांच्या वाड्यावर गेली पाहिजे."

"जाईल, मावशी," सर म्हणाले. या खेपेला त्यांच्या कपाळावर घाम नव्हता.

मल्हारनं टेम्पोतून गुळाची ढेप उतरवली. त्या दिवशी शाळेत खिचडीसोबत लापशी झाली. मॅडम लेकरांच्या पंगतीत मांडी घालून बसल्या आणि दोनदा मागून जेवल्या. तिसऱ्यांदा ताट पुढं करत त्यांनी विचारलं, "मालनबाई, या फोडणीत काय टाकता हो?"

मालनबाई नुसती हसली.

तर आता तुम्ही एक काम करा. तुमच्या गावच्या शाळेवर कुणी अ, ब, क असं अक्षर चिकटवलं असेल, तर ते वाचून घरी बसू नका. उद्या सकाळी शाळेत जा, निकालाचा कागद मागा आणि विचारा, 'आमच्या किती लेकरांनी खरंच पेपर दिला, आणि जी नव्हती ती कुठं आहेत?' उत्तर मिळेपर्यंत उठू नका.