गायत्याचा दोना

कुरखेड्याच्या पुढे डांबरी रस्ता संपतो तिथून दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागतात आणि मधल्या दरीत मोहाची झाडं सुरू होतात. कोणी लावलेली नाहीत, पण एकही झाड बेवारशी नाही. हे मडाव्यांचं, ते कोवाच्यांचं, नदीकाठचं वाकडं झाड कुणा लेकीला माहेरहून मिळालेलं. कागद कुठंच नाही आणि तंटाही नाही. याच दरीतल्या मोहटोल्यात इसरू कोवाची राहतो. मार्चमधल्या त्या सकाळी तो अंगणात बसून करंजाच्या काडीने दात घासत होता आणि आदल्या दुपारपासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. उपास नव्हता. भीतीने घास उतरत नव्हता.

त्याचा थोरला भाऊ लालसू हा गावाचा गायता, म्हणजे गावदेवाचा पुजारी. गेल्या पावसाळ्यात तो वारला आणि गायतेपण घराण्यातच राहायचं म्हणून इसरूकडे आलं. मोहाचं नवं फूल गळू लागलं की गायता देवाला मोहाच्या दारूचा दोना, म्हणजे पानांचा द्रोण, वाहतो, मग पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सांडतो आणि शेवटी स्वतः एक दोना पितो. तो प्याला की फूल ‘उघडलं’. त्याआधी झाडाखाली कितीही सडा पडो, गावातलं कोणी एक फूल उचलत नाही.

आणि इसरूने दारू सोडलेली होती.

तरुणपणी तो हिवाळाभर वडशाच्या एका झाडीपट्टी नाटक मंडळीत ढोलक वाजवायचा. हात असा की नाचणारीचा पाय चुकला तरी प्रेक्षकांना कळू द्यायचा नाही. खेळाआधी एक, खेळानंतर दोन असं करत करत पुढे खेळ नसला तरी चालू लागलं. ढोलक गेलं, बैल गेले, बायको सुगंधाबाई पोरीला घेऊन माहेरी गेली. दारूतून कसा सुटला ते तो कोणाला सांगत नाही. एवढंच सांगतो की एक घोट म्हणजे पुन्हा सगळं. सुटल्यावर सुगंधाबाई परत आली आणि त्याने देवठाण्याची, म्हणजे गावदेवाच्या जागेची, वाटही सोडली. फूल उघडण्याच्या दिवशी तो मुद्दाम सुगंधाबाईला घेऊन बहिणीच्या गावी जाऊन बसायचा. लालसूने कधी कारण विचारलं नाही.

यंदा पळून जायला जागा नव्हती. त्यात सुगंधाबाईच्या बचतगटाने पाहुणे बोलावलेले. गटाच्या बाया मोहाचे लाडू आणि सरबत करतात. नागपूरच्या रश्मीताई सहली काढतात, त्यांनीच सुचवलं होतं की लोक द्राक्षांच्या मळ्यांत सुट्टी घालवतात, तर मोहाची दरी का पाहणार नाहीत? काल पाहुण्यांनी वाटेत वैरागडचा किल्ला पाहिला, संध्याकाळी गावाबाहेर पूर्वजांच्या नावाने उभे केलेले दगड पाहिले. रात्री शाळेत मुक्काम झाला.

“जमन का तुमाले?” सुगंधाबाईने हळूच विचारलं.

“पाहू,” इसरू म्हणाला.

“पाहू म्हणजे? नाई जमत तं आत्ताच सांगा. मी सांगतो गावाले.”

“तू काऊन सांगशील? गायता मी आहो.”

तिने त्याचं धुतलेलं धोतर पुढे ठेवलं आणि पाहुण्यांकडे गेली.

झाडांखाली फुलांचा सडा पडला होता. पिवळसर, रसाने टच्च भरलेली फुलं. वासाने दरी जड झाली होती. पाहुण्यांपैकी भैयाजी नावाचे एक धान्याचे व्यापारी वाकून फूल उचलायला गेले तशा तीन-चार बाया एकदम ओरडल्या.

“हात नोका लावू, भाऊ! अजून उघडलं नाई.”

भैयाजी सरळ झाले. “नाशिकला गेलो होतो, तिथं तं वाइन चाखायले आग्रह करत होते. इथी हात लावायची बंदी!”

“आणि चाखायचं असन तं सरबत आहे,” सुगंधाबाई म्हणाली. “जिल्ह्यात दारूबंदी आहे. देवापुरती दारूची एकच शिशी असते.”

“म्हणजे या गावात देवाचीच मजा आहे,” भैयाजी म्हणाले आणि बायाही हसल्या.

देवठाणा मोठ्या सालवृक्षाखाली. गाव गोल करून बसलेलं. लालसूची विधवा मंगली, जिने लालसूच्या हयातीत दरवर्षी दोने भरले, ती आताही पानांचे दोने मांडून बसली होती. तिने मोहाच्या पानांचा दोना भरून इसरूच्या हातात दिला. दारूचा भपकारा नाकात शिरला आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. त्या पाण्याचीच त्याला जास्त भीती वाटली. मंत्राचे गोंडी शब्द तोंडपाठ होते. त्याने दोना देवाला वाहिला. दुसरा पूर्वजांसाठी. लालसूचं नाव घेताना आवाज फाटला, पण धार सरळ पडली.

मग मंगलीने तिसरा दोना पुढे केला. हा पळसाच्या पानाचा होता.

इसरूने तो घेतला. समोर सगळं गाव, झाडांखालचं सगळं फूल त्याच्या एका घोटासाठी थांबलेलं. सुगंधाबाई पाहुण्यांच्या मागे उभी होती आणि तिने डोळे मिटले होते. ते मिटलेले डोळे त्याने पाहिले आणि दोना खाली ठेवला.

“मले नाई जमत,” तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “मी पीत नाई. पिलो तं मी राहत नाई. गायता दुसरा कोणी करा.”

रश्मीताईंनी धरलेला मोबाइल खाली घेतला. मंगली मात्र दोन्याकडे पाहत होती.

“पिऊ नोको,” ती म्हणाली, “पण वास तं घेऊन पाय.”

“वयनी, थट्टा नोको करू.”

“थट्टा कायची? वाक अन् घे वास.”

इसरू वाकला. दारूचा वास मघापासून नाकात बसलेला, म्हणून त्याला पटकन कळलं नाही. मग कळलं. गूळ उकळताना येतो तसा गोड वास होता. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं. गेल्या सालच्या वाळल्या फुलांचा उकळलेला रस होता, आणखी काही नाही.

“तुह्या भावाचं लिवर बिघडलं,” मंगली म्हणाली, “तवा डॉक्टरनं थेंबही बंद केला. मंग गावातल्या म्हाताऱ्यायनं बसून ठरवलं. देवाले दारू, पूर्वजाले दारू, गायत्याले रस. गायत्यानं फुलाचं कायतरी पोटात घ्यावं, एवढंच पायजे. तवापासून हेच चालू आहे. मले वाटलं, तुले ठाऊकच असन.”

“मले कोणी सांगतलं काऊन नाई?”

म्हातारे लटारू खोकत हसले. “तू कुठी होता सांगायले? फूल उघडलं का तू बहिणीच्या घरी! आमाले वाटे, याचा बहिणीवर लय जीव.”

गोलात हसू पसरलं. इसरू हसला नाही, त्याला ते जमेना. लालसूही शेवटची वर्षं हाच रस पीत होता आणि आपण त्याच्यापासूनच तोंड लपवत होतो, हे त्याच्या मनात हळूहळू उतरत होतं. त्याने पळसाचा दोना उचलला, भावाचं नाव पुन्हा एकदा घेतलं आणि एका दमात रिकामा केला.

“उघडलं!” लटारू ओरडले.

बाया टोपल्या घेऊन झाडांकडे धावल्या. भैयाजींनी सगळ्यांच्या आधी एक फूल तोंडात टाकलं आणि डोळे मोठे करून दुसरं उचललं. रश्मीताई कोणालातरी विचारत होत्या की पुढल्या वर्षी गायत्याचा रस पाहुण्यांनाही मिळेल का.

सुगंधाबाई इसरूजवळ आली. तिने त्याच्या हातातला रिकामा दोना घेतला आणि उगाच उलटा करून पाहिला.

“घरी काय आहे?” इसरूने विचारलं.

“भात आहे. अंबाडीची भाजी आहे. काऊन?”

“वाढ,” तो म्हणाला. “लय भूक लागली.”