बंद स्टेशनची पाटी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. दुष्काळाची वर्षं होती. राहुरीच्या बाजूचं एक लहान रेल्वे स्टेशन बंद पडलं होतं. गाड्या न थांबता जायच्या, फलाटावर शेळ्या बसायच्या. एके दिवशी तिथली नावाची लोखंडी पाटी चोरीला गेली.

सरपंच ठाण्यात आले. "साहेब, स्टेशन गेलं, आता गावाचं नावबी गेलं. काम वाडीचंच हाय. लई जळत्यात आमच्यावर."

स्टेशन होतं वाडीच्या जमिनीवर. नाव मात्र दोन मैलांवरच्या, सरपंचांच्या मोठ्या गावाचं.

पंचनाम्याला रेल्वेकडचा फौजदारही आला. तो परीक्षा देऊन थेट फौजदार झालेला, मी शिपायापासून चढलेला. आदल्या वर्षी गाडीतल्या दरोड्याचा तपास मी केला आणि प्रशस्तिपत्र त्याला मिळालं. "भंगारवाल्याचं काम," म्हणून तो निघून गेला. मी खांब पाहिले. नट तेल घालून, पान्याने काढले होते आणि परत बोल्टवर फिरवून ठेवले होते. भंगारवाला नट सोडत नाही. ही सवय रेल्वेच्या माणसाची.

वाडीतला एकच माणूस रेल्वेत होता. रुळांची देखभाल करणारा गँगमन, निवृत्तीला दोन महिने राहिलेला. मी त्याच्या घरी गेलो, पण पाटीचं नावच काढलं नाही.

"नट परत कशाला लावलेस?"

तो बोलून गेला, "न्हाई लावलं तर हरवत्यात की, साहेब."

पाटी गोठ्यात होती, अक्षरं भिंतीकडे करून. "जमीन माझ्या बापाची गेली, नाव त्यांचं लागलं. ती पाटी मीच पुसायचो. गाडी थांबत हुती तवर सोसलं." दारात त्याची बायको पाण्याचा तांब्या धरून तशीच उभी होती. अटक झाली तर नोकरी जाणार, पेन्शनही जाणार.

पण रेल्वेच्या मालाची केस रेल्वेच्या फौजदाराकडेच गेली असती. पुन्हा तपास माझा, नाव त्याचं.

"आज दुपारी पाटी जागेवर लाव. पाना घेतलेल्या गँगमनला कुणी विचारत नाही."

"उलटी लावू का, साहेब?"

"नोकरी पाहिजे का नको?" मी ओरडलो. "सुलटी लावायची, आणि नट घट्ट."

दोन दिवसांनी तो फौजदार भंगारवाल्यांची यादी घेऊन आला, तर पाटी जागेवर. त्याचं तोंड पाहून मला फार बरं वाटलं.

आमचा हवालदार म्हणाला, "साहेब, मन मोठं तुमचं." मी ते खोडलं नाही. आज खोडतो. हेव्यापायी घरं बुडालेली मी नोकरीत पुष्कळ पाहिली. वाचलेलं हे एकच, आणि तो हेवा माझा होता.