आईने उतरवलेल्या पट्ट्या

बाबा वर्ध्याला वकिली करत. ते गेल्यावर त्यांची जुनी काळी मोटार नालवाडीतल्या आमच्या घरापुढे उभीच राहिली. मला चालवता येत होती, बाबांनीच शिकवली होती. पण शाळेत शिकवायला मी सायकलनेच जायची. नागपूरला नोकरीवर असलेला दादा आला की म्हणायचा, "विकून टाकू आई, गंजून राह्यली ते." सत्तरचं दशक संपत आलं होतं, तेव्हा एका हिवाळ्यात आई म्हणाली, "पहिले रंग लावू. मंग पाहू."

रंगारी घरी येऊन गाडी पाहून गेला. दारांवरून पुढून मागे चकचकीत धातूच्या पट्ट्या होत्या, त्यांवर बोट ठेवून तो म्हणाला, "ह्या राहू द्या काकू. कागद चिकटवून रंग मारतो."

"अन् पट्टीखालचा गंज?"

"तो काई दिसत नाई."

"मले दिसते," आई म्हणाली. दर दसऱ्याला गाडी तीच धुवायची, आणि पट्टीखालून तांबडं पाणी ओघळताना तिने पाहिलं होतं.

रंगारी पट्ट्या काढायला तयार होईना. "तुटली तर दुसरी भेटत नाई काकू. मी हात लावत नाई."

"नको लावू. आमी काढतो."

'आमी' म्हणजे ती आणि मी. तिने आयुष्यात गाडीचं चाकसुद्धा हातात धरलं नव्हतं.

रविवारी सकाळी तिने स्वयंपाकघरातलं उलथणं आणलं, त्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि पट्टीखाली सरकवलं. आतून पट्टी धरून ठेवणाऱ्या लहान चिमट्या होत्या. गंजलेल्या, एकेक कटकन तुटायच्या. पट्टी मात्र तिने वाकू दिली नाही. बोटभर सैल करायची, पुढे सरकायची. मागच्या दाराची पट्टी आतून नटांनी आवळली होती. दाराचं आतलं अस्तर काढलं, नटांवर रॉकेल सोडलं, पण ते हलेनात. रोज संध्याकाळी मी शाळेतून आले की आई पाना घेऊन तयारच.

शेजारच्या काकूंनी विचारलं, "काऊन वो, गाडी मोडून राह्यल्या का?"

"नाई," आई म्हणाली. "नीट करून राह्यलो."

शेवटी नट फिरले. एक पट्टी आधीचीच दबलेली होती. आईने ती गोधडीच्या घडीवर पालथी ठेवली आणि कपडे धुवायच्या मोगरीने हलके हलके ठोकत सरळ केली. पट्ट्यांखाली पत्रा ठिकठिकाणी खाल्लेला होता. रंगाऱ्याने तो पाहिला, खरवडला, भरला आणि रंग दिला. काळाच, दुसऱ्या रंगाचं आईने ऐकूनच घेतलं नाही.

आता चिमट्या कुठून आणायच्या? वर्ध्यात नव्हत्या. दादाने नागपुरात विचारलं आणि निरोप धाडला, असा माल आता येत नाही, विका. ते ऐकून मलाच चेव आला. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात रुईच्या गाठी बांधायच्या तुटक्या लोखंडी पट्ट्या पडलेल्या असत. मी चौकीदाराला विचारून त्या मागून आणल्या. आम्ही दोघींनी पत्रा कापायच्या कात्रीने तुकडे कापले, पकडीने वाकवले, गंजू नयेत म्हणून रंगात बुडवले. पहिल्या चिमट्या ढिल्या झाल्या, लावलेली पट्टी रात्रीतून खाली पडली. पुन्हा वाकवल्या.

बसवताना पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत सुतळी ताणली. मागच्या दाराशी पट्टी ज्वारीच्या दाण्याएवढी खाली आली. आई म्हणाली, "काढ."

"कोण पाहते आई तेवढं?" माझी बोटं सोलून निघाली होती.

"तो दरवाजा माहा हाय. मी पायतो न." बाबा गाडी चालवत तेव्हा ती मागे त्याच दाराशी बसायची.

मी चिडले, रडकुंडीला आले, आणि काढली. पुन्हा बसवली तेव्हा आईने तळव्याने दाबत नेली. टक, टक, टक. शेवटचा आवाज आला तशी ती तिथेच जमिनीवर बसली आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळेपणी रडली.

पुढच्या महिन्यात दादा गिऱ्हाईक घेऊन आला. त्या गृहस्थाने पट्टीवरून हात फिरवला. "एकदम नव्यावानी आहे," तो म्हणाला.

"हो," आई म्हणाली. "चहा घ्या. गाडी विकाची नाई."

दादा माझ्याकडे पाहत राहिला. मी चहा ठेवायला आत गेले.

त्याच आठवड्यात मी मेकॅनिककडून गाडी चालू करून घेतली आणि तिला मावशीकडे जाम गावाला घेऊन गेले. खराब रस्त्यावर पट्टी थरथरायला लागली, तेव्हा आईने खिडकीतून हात बाहेर काढून ती दाबून धरली. "तू चालव," म्हणाली, "मी पकडली हाय."