चाकापर्यंतचा जोर

तिशीतली मी भलती शहाणी. मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद, अशी समजूत. नवराही त्याच समजुतीनं पसंत केलेला. सेमिनरी हिल्सचा चढ आमची मोटार तिसऱ्या गिअरात चढली नाही, तर तो ती विकणार होता. म्हणून मी उतारासाठी नवे ब्रेक आणि ताकदीसाठी जाडजूड, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवून घेतला.

मोटार गर्जत निघाली आणि अर्ध्यावर दमली. मागे घेऊन पायथ्याशी आणली. सोबतच्या मिस्त्रीनं चाकाला तळहात लावला, झटकन काढला.

“ब्रेक घासून राहिले, बाई. इंजिनात जोर हाये, चाकापर्यंत पोचत नाही.”

“आणि सायलेन्सर?”

“त्यानं निस्ते शेजारी उठतात.”

ब्रेक सैल करून तो रस्त्याकडेला टेकला. “माह्यंही असंच हाये. घरी पोचेपर्यंत जोर संपते. तुमी जा, मी बसतो जरासा.”

मोटार तिसऱ्यात चढली. मी वरून जोरात हॉर्न वाजवला. खाली पेंगलेल्या मिस्त्रीनं मानही वर केली नाही.