वाटे मांडणारा हात

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तारापूरच्या किनाऱ्यावर सुकलेले बोंबील काढत होतो. हातातलं काम तसंच पुरं केलं... दुसरं काय करावं ते सुचलंच नाही.

मुंबईत तो संभाव्यतेचा मोठा प्राध्यापक. किती प्रकारे निवडता येईल, किती प्रकारे मांडता येईल, यातच त्याचा जन्म गेला. शोकसभेत त्याचे विद्यार्थी सांगत होते, सर गणित पुरं मांडू द्यायचे आणि मग विचारायचे, "सगळ्यांना सारखी संधी म्हणतोस, पण चिठ्ठी उचलणारा हात कुणाचा?" हा प्रश्न त्याने आमच्या वाळूवरून नेला होता.

आमच्याकडे मासळीचे वाटे घातले की प्रत्येकाने आपली एक खूण द्यायची आणि कुठली खूण कुणाची हे ठाऊक नसलेल्याने ती एकेका वाट्यावर ठेवायची. मग भांडण नाही. माझी खूण कायम कालवाचा खडबडीत शिंपला, दादाचा गुळगुळीत. साठच्या दशकात इथे वीजकेंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा मला तिथे नोकरी मिळत होती. पालघरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेल्या दादाला गणितासाठी मुंबई गाठायची होती. बाबांची कंबर गेलेली. होडीवर एकाने राहणं भाग होतं. दोघंही हटेनात, तेव्हा बाबांनी वाळूवर एक वल्हं आणि एक पुस्तक ठेवलं, आईला डोळे मिटायला लावले आणि आमचे शिंपले तिच्या हातात दिले. "वल्ह्यावर ज्याचा, तो होडीवर. मागून कुरकुर नाय," बाबा म्हणाले. माझा वल्ह्यावर पडला. दादा गेला, शिकला, नाव काढलं. मला त्याचा फार अभिमान.

गेल्या दिवाळीला तो घरी आला. ओटीवर चहा घेताना एकदम म्हणाला, "आयनं डोले मिटले, पन आपले सदरे तीच धुवायची रे. खिशातला तुझा शिंपला तिला हातानं कलायचा. तो वाटा खरा नाय पडला." एवढी वर्षं हे पोटात ठेवून माणूस पोरांना शिकवत होता!

मी म्हटलं, "मला काय ठाव नवतं? वाटा बदलायचा असता तर मी शिंपला बदलला नसता?"

त्याने कप खाली ठेवला. चहावर साय धरली.

"मंग तुला नोकरी नको होती?"

"नाय रे. मला होडीच बरी."

माझा हात धरून तो लहान पोरासारखा रडला, आणि मग पोटभर हसलाही. हलका होऊन गेला, हे फार बरं झालं.

नोकरी मला हवी होती, दादा. फार हवी होती.